वारसानें आलेलें अमेरिकेंतील घर : विक्रीवरील कर आणि सरकारी औषधोपचाराचें येणें

इ. स. १९६५ सालीं अमेरिकेंत दोन कायदे झाले. एकानें आशियांतील शिकलेल्या लोकांस त्या देशांत जाऊन राहण्याची वाट मोकळी झाली. दुसऱ्यानें तेथील वृद्ध व गरीब लोकांच्या औषधोपचाराचा मोठा भार सरकारनें आपल्या शिरावर घेतला. पहिल्या कायद्याच्या आधारानें आमच्या इकडील शेतकरी कुटुंबांतील कित्येक मुलगे इंजिनिअर किंवा डॉक्टर होऊन तिकडे गेले, त्यांनीं तेथें घरें बांधलीं, आणि आज ते ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांतील कांहींस आतां दुसऱ्या कायद्याचाहि आश्रय घ्यावा लागत आहे. अशा माणसाच्या मागें त्याचें घर मुलांकडे जातें. मूलबाळ नसेल तर भावाकडे किंवा पुतण्याकडे, म्हणजे पुष्कळदां इकडेच, येतें. म्हणून हा विषय दूरदेशींचा असला तरी आमच्या वाचकांच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

असें घर विकण्याची वेळ आली म्हणजे दोन धास्ती मनांत उभ्या राहतात. एक, सरकार विक्रीवर जबर कर घेईल. आणि दुसरी, मृताच्या आजारांत सरकारनें केलेला खर्च घरावर वसूल होईल. आमचें मत असें कीं, पहिली धास्ती बहुतेकांच्या बाबतींत उगाच घेतलेली असते, आणि दुसरी घ्यावी तितकी कोणी घेत नाहीं. त्याहून वाईट गोष्ट ही कीं, एका भयापासून सुटण्यासाठीं केलेली घाई दुसऱ्या संकटांत नेऊन टाकते.

प्रथम कराचा विचार करूं. आमच्या इकडे वडिलार्जित घर विकलें तर नफा मोजतांना वडिलांनीं ज्या किंमतीस तें घेतलें ती किंमत धरतात. तें १ एप्रिल २००१ च्या पूर्वींचें असल्यास त्या दिवशींचा बाजारभाव धरण्याची मुभा आहे. अमेरिकेंत रीत अगदीं निराळी आहे. तेथें मालक ज्या दिवशीं मरण पावला त्या दिवशींचा बाजारभाव हीच वारसाची खरेदी-किंमत समजली जाते. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत घराचें मोल कितीहि चढलें असो, ती सर्व चढ कराच्या हिशेबांतून नाहींशी होते. तिकडील वकील ह्यास ‘स्टेप्ड-अप बेसिस’ म्हणतात. एक कल्पित उदाहरण घेऊं. एका बाईनें १९७६ सालीं ४०,००० डॉलरांस घर घेतलें. ती वारली तेव्हां त्याचा भाव ३,५०,००० डॉलर होता. आठ महिन्यांनीं मुलानें तें ३,६०,००० डॉलरांस विकलें आणि दलाली, कागदपत्रें वगैरेंस २०,००० डॉलर लागले. हातीं आले ३,४०,०००. खरेदी-किंमत धरावयाची ३,५०,०००. म्हणजे नफा मुळींच नाहीं, आणि केंद्र सरकारचा भांडवली नफ्यावरील करहि नाहीं.

ह्यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. मृत्युदिनाचा भाव काय होता हें पुढें सिद्ध करावें लागतें. म्हणून मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांत परवानाधारक मूल्यमापकाकडून लेखी दाखला घेऊन ठेवावा. त्यास लागणारे कांहीं शें डॉलर हें ह्या साऱ्या व्यवहारांतील सर्वांत स्वस्त विम्याचें काम करतात. घर नवराबायकोच्या संयुक्त नांवावर असेल तर एकाच्या मृत्यूनें बहुतेक राज्यांत अर्ध्याच घराची किंमत अशी वर जाते. टेक्सस, कॅलिफोर्निया ह्यांसारख्या ज्या राज्यांत पतिपत्नींची मिळकत सामाईक मानण्याचा कायदा आहे, तेथें अशा सामाईक घराची संपूर्ण किंमत वर जाते.

विक्रीवरचा कर निराळा आणि मृत्यूवरचा कर निराळा. केंद्र सरकारचा मृत्युकर फार मोठ्या इस्टेटीसच लागतो; २०२६ सालापासून माणशीं १,५०,००,००० डॉलरांपर्यंतची मिळकत त्यांतून मुक्त आहे. शिवाय वारसाकडून त्याच्या वाट्यावर कर घेणारीं राज्यें आतां पांचच उरलीं आहेत : पेन्सिल्व्हानिया, न्यू जर्सी, केंटकी, मेरीलँड व नेब्रास्का. आयोवानें तो १ जानेवारी २०२५ पासून काढून टाकला. पेन्सिल्व्हानियांत मुलांनाहि साडेचार टक्के भरावे लागतात. (आमच्या देशांत १९५३ च्या कायद्यानें आलेला मृत्युकर मार्च १९८५ मध्यें उठला, हें वाचकांस ठाऊक आहेच.) येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. वरची मोठी सूट अमेरिकेच्या नागरिकास व तेथें कायम वस्ती केलेल्यास आहे. सातारा किंवा नाशिककडील एखाद्या बागायतदारानें, मुलगा तिकडे शिकतो म्हणून, तेथें स्वतःच्या नांवावर घर घेतलें आणि तो इकडेच वारला, तर सूट अवघी ६०,००० डॉलरांची आहे आणि त्यावरील किंमतीस कराचा दर वाढत वाढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. घर कोणाच्या नांवावर घ्यावयाचें ह्याचा विचार खरेदीच्या आधीं करावा, मागून नव्हे.

आतां दुसऱ्या व अधिक नाजूक प्रश्नाकडे वळूं. १९६५ च्या कायद्यानें दोन योजना निघाल्या आणि त्यांचीं नांवें सारखीं असल्यामुळें फार घोंटाळा होतो. मेडिकेअर ही पासष्ट वर्षांवरील लोकांची योजना. तींत माणसाची संपत्ति पाहत नाहींत, आणि तिनें केलेल्या नेहमींच्या औषधोपचाराचा खर्च मृताच्या घरावर वसूल होत नाहीं. पण मेडिकेअर म्हाताऱ्या माणसाची वर्षानुवर्षांची शुश्रूषा करीत नाहीं. इस्पितळांतून निघाल्यावर शुश्रूषागृहांतील कुशल उपचारांचा खर्च ती एका आजारास फार तर शंभर दिवस देते, आणि त्यांतहि पहिले वीस दिवसच पूर्ण. पुढें उठवणें, बसवणें, न्हाऊं घालणें, भरवणें ह्यासाठीं महिन्यास कित्येक हजार डॉलर लागतात. सांठवलेला पैसा त्यांत आटतो, आणि मग माणूस मेडिकेड ह्या दुसऱ्या योजनेच्या दारांत येतो. ही गरिबांची योजना; खर्चाचा वांटा केंद्र व राज्य दोघेंहि उचलतात, पण कारभार राज्याचा. बहुतेक राज्यांत शुश्रूषेसाठीं ती मिळण्यास एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरांहून अधिक शिल्लक चालत नाहीं.

राहतें घर मात्र ह्या शिलकेंत धरीत नाहींत. २०२५ सालीं घरांतील मालकाचा बोजारहित हिस्सा ७,३०,००० डॉलरांपर्यंत असला तरी मेडिकेड मिळत असे, आणि राज्याची इच्छा असल्यास ही मर्यादा १०,९७,००० पर्यंत नेतां येत असे. २०२५ च्या नव्या कायद्यानें २०२८ पासून ह्या मर्यादेस १०,००,००० डॉलरांचें झांकण बसावयाचें आहे, पण शेतीसाठीं राखलेल्या जमिनीवरील घरांस त्यांतून वगळलें आहे. शेतकऱ्याचें घर व त्याची जमीन एकमेकांपासून तोडतां येत नाहींत, एवढें तरी तेथील कायदेमंडळानें ओळखलें, ह्याचें आम्हांस समाधान वाटतें.

तर म्हातारपणीं घर ठेवून उपचार मिळतात. येथें पुष्कळांची समजूत होते कीं सरकारनें हें फुकट दिलें. तसें नाहीं. आमच्या इकडील तगाईची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे : माणूस हयात आहे तोंवर तगादा नाहीं, तो गेल्यावर खातें उघडतें. १९९३ च्या केंद्रीय कायद्यानें प्रत्येक राज्यास बंधन घातलें कीं, पंचावन्न वर्षांच्या वयानंतर मेडिकेडनें शुश्रूषागृह, घरपोंच शुश्रूषा व त्यांशीं संबंधित इस्पितळ व औषधें ह्यांवर केलेला खर्च मृताच्या इस्टेटींतून परत मागावा. कांहीं राज्यें त्या वयानंतरचा सर्वच खर्च मागतात. जेथें सरकार उपचाराचें काम खासगी विमा-कंपनीस देऊन दरमहा ठोक रक्कम भरतें, तेथें त्या ठोक रकमेचीच बेरीज मागितली जाते. माणूस त्या महिन्यांत डॉक्टरकडे गेला होता कीं नाहीं हें पाहत नाहींत. म्हणून मागणीचें पत्र आलें म्हणजे तपशीलवार हिशेब मागावा आणि पंचावन्नाव्या वाढदिवसापूर्वींच्या रकमा त्यांत शिरल्या नाहींत ना, हें ताडून पाहावें.

ह्या मागणीस मर्यादा आहेत, त्या प्रत्येक वारसानें पाठ कराव्या. मागणी इस्टेटीवर असते, वारसाच्या स्वतःच्या पैशावर नसते. इस्टेट अपुरी पडली तर सरकारचें उरलेलें येणें बुडतें. पण वारसानें येणें न फेडतां मिळकत वांटून घेतली, तर मात्र तो स्वतः अडचणींत येऊं शकतो. मृताची पत्नी किंवा पति हयात असेपर्यंत वसुली होत नाहीं. एकवीस वर्षांखालील, किंवा कोणत्याहि वयाचें आंधळें वा अपंग अपत्य असल्यास होत नाहीं. ह्याशिवाय घराच्या उत्पन्नावरच वारसांचें पोट असेल, तर हालअपेष्टेच्या कारणावरून माफीचा अर्ज करतां येतो. प्रत्येक राज्यास अशी तजवीज ठेवावीच लागते. केंद्र सरकारनें राज्यांस दिलेल्या मार्गदर्शनांत ह्याचें जें उदाहरण घातलें आहे, तें कुटुंबाच्या शेतीचेंच आहे : मर्यादित उत्पन्नाची शेती हेंच मागें राहिलेल्यांचें एकमेव साधन असेल, तर तिचा विशेष विचार व्हावा. त्याच जोडीस बेताच्या किंमतीचें घर, म्हणजे त्या परगण्यांतील घरांच्या सरासरी भावाच्या निम्म्यापर्यंतचें, हेंहि उदाहरण आहे. मात्र अर्जाची मुदत थोडी असते आणि ती मागणीच्या पत्रांतच लिहिलेली असते. पत्र टपालाच्या ढिगांत पडून राहिलें आणि मुदत गेली, तर हातचा हक्क जातो.

राज्याराज्यांत आणखी एक मोठा फरक आहे. कांहीं राज्यें प्रोबेट कोर्टांतून जाणाऱ्या मिळकतीवरच हात टाकतात. टेक्सस तसें आहे, आणि कॅलिफोर्नियानेंहि १ जानेवारी २०१७ पासून तसेंच ठरविलें. इतर कांहीं राज्यें संयुक्त मालकी, हयातींतील हक्क, विश्वस्तनिधि ह्यांच्या वाटेनें वारसाकडे गेलेल्या मिळकतीसहि इस्टेटच समजतात. फ्लोरिडांत राहतें घर वारसांकडे जातांना राज्यघटनेनेंच धनकोंपासून राखलेलें आहे. तेव्हां एका राज्यांतील आप्ताचा सल्ला दुसऱ्या राज्यांत जसाच्या तसा चालवूं नये.

हें ऐकल्यावर कोणासहि सुचतें कीं, मग आईनें हयातींतच घर मुलाच्या नांवें करून द्यावें, म्हणजे इस्टेटींत तें उरणारच नाहीं. घाईचा घात तो हाच. मेडिकेडसाठीं अर्ज केला म्हणजे सरकार मागील पांच वर्षांचे व्यवहार तपासतें. पूर्वीं ही मुदत सामान्यतः तीन वर्षांची होती. फेब्रुवारी २००६ मध्यें झालेल्या कायद्यानें ती पांच केली. ह्या मुदतींत घर दान दिलेलें आढळलें तर त्याच्या किंमतीस राज्यांतील शुश्रूषेच्या मासिक सरासरी खर्चानें भागतात, आणि जितके महिने येतील तितके महिने मदत मिळत नाहीं. ३,५०,००० डॉलरांचें घर दिलें आणि मासिक सरासरी १०,००० धरली, तर पस्तीस महिने. त्यांतहि हे महिने दानाच्या दिवसापासून मोजीत नाहींत. माणूस शुश्रूषागृहांत असून त्याजवळ पैसा उरला नाहीं आणि इतर सर्व बाबतींत तो पात्र झाला, तेव्हांपासून मोजतात. म्हणजे अगदीं नड असते त्याच वेळीं दार बंद.

आणि पांच वर्षें सुरळीत गेलीं असें धरलें, तरी कराचें काय? हयातींत मिळालेल्या दानास मृत्युदिनाच्या भावाची सवलत नाहीं. देणाऱ्याची मूळ किंमतच घेणाऱ्याकडे येते. वरच्याच उदाहरणांत आईनें घर दान केलें असतें, तर मुलाची खरेदी-किंमत ४०,००० राहिली असती, विक्रीचा नफा ३,००,००० झाला असता, आणि पंधरा टक्के दरानें ४५,००० डॉलर कर पडला असता. राज्याचा कर निराळाच. उलट आईनें घर आपल्याच नांवावर ठेवलें आणि तीन वर्षांच्या शुश्रूषेचे २,१०,००० डॉलर सरकारास येणें झाले, असें समजा. हातीं आलेल्या ३,४०,००० मधून अंत्यविधि व कोर्टकामाचा २०,००० खर्च बहुतेक राज्यांत आधीं वजा होतो, मग सरकारचें येणें, आणि मुलास उरतात १,१०,०००. कर शून्य. एवढें लक्षांत ठेवावें कीं, हे दोन हिशेब एकमेकांस ओळखीत नाहींत : भाव चढून विक्रींत खरोखर नफा झाला असता, तर सरकारचें येणें फेडलें म्हणून तो नफा कमी धरला गेला नसता.

सरळ मार्ग मुळींच नाहीं असें मात्र नाहीं, आणि तो सेवा केलेल्या मुलासाठीं मोकळा ठेवला आहे, ही गोष्ट आम्हांस फार चांगली वाटते. आई किंवा वडील शुश्रूषागृहांत जाण्यापूर्वीं निदान दोन वर्षें जें मूल त्याच घरांत राहून त्यांची अशी काळजी घेत होतें कीं, तिच्यामुळेंच त्यांस घरीं राहतां आलें, त्यास घर दिलें तर पांच वर्षांच्या तपासणींत तें दोषास्पद धरीत नाहींत. घरांत हिस्सा असून निदान वर्षभर तेथें राहिलेल्या भावाबहिणीस, तसेंच आंधळ्या वा अपंग अपत्यासहि ही सवलत आहे. पुरावा मात्र लागतो : डॉक्टरांचें पत्र, त्या पत्त्यावर आलेलीं बिलें, शेजाऱ्यांचे जबाब. आणि असें घर मिळालेल्या मुलानें विक्रीपूर्वींच्या पांच वर्षांपैकीं दोन वर्षें मालक म्हणून त्यांत स्वतः वास केला, तर २,५०,००० डॉलरांपर्यंतच्या नफ्यावर कर माफ होतो. दानामुळें गेलेली सवलत अशी बऱ्याच अंशीं भरून निघते.

विक्रीच्या वेळीं कामाचा क्रम असा ठेवावा. मृत्यूनंतर व्यवस्थापकानें राज्याच्या मेडिकेड खात्यास लेखी कळवून येणें आहे कीं नाहीं हें विचारावें. मृत कधीं मेडिकेडवर होता हें घरच्यांस ठाऊक नसतें, असें पुष्कळदां घडतें. माणूस कायमचा शुश्रूषागृहांत गेल्यास, आमच्या सातबाऱ्यावरील बोजाप्रमाणें, त्याच्या हयातींतच घरावर बोजा चढविण्याचा अधिकार राज्यास १९८२ पासून आहे. तो बरा होऊन घरीं परतला तर बोजा उतरतो. घराचे दस्तऐवज तपासणाऱ्या कंपनीस हा बोजा दिसतोच, आणि तो फिटल्याशिवाय खरेदीदार पैसे मोकळे करीत नाहीं. येणें किती हें लेखी घेऊन विक्रीच्या दिवशींच तें परस्पर भरून टाकावें.

वारस इकडे राहणारा असेल तर त्यास आणखी दोन गोष्टींस तोंड द्यावें लागतें. परदेशस्थ मालकानें तेथील घर विकलें म्हणजे खरेदीदारास एकंदर किंमतीचे पंधरा टक्के कापून अमेरिकन सरकारांत भरावे लागतात. नफा झाला कीं नाहीं ह्याचा त्याशीं संबंध नाहीं. खरेदीदार स्वतः राहण्यासाठीं घेत असेल आणि किंमत ३,००,००० डॉलरांच्या आंत असेल तर कपात नाहीं, दहा लाखांपर्यंत दहा टक्के. ही रक्कम जात नाहीं. तिकडील करनंबर काढून विवरणपत्र भरलें म्हणजे जास्त कापलेली परत येते. विक्रीपूर्वीं अर्ज करून कपात कमी करून घेण्याचीहि सोय आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वारसा मिळणें हें आमच्या कायद्यानें उत्पन्न नव्हे, आणि परदेशस्थ आप्ताकडून वारसानें आलेली तेथील मिळकत ठेवण्यास परकीय चलनाच्या कायद्याची आडकाठी नाहीं. पण येथील रहिवाशाचें जगभरचें उत्पन्न येथें करपात्र आहे, आणि दोन देशांतील करारानें भांडवली नफ्यावर कर घेण्याचा अधिकार दोघांसहि आपापल्या कायद्याप्रमाणें राखला आहे. अमेरिकेची मृत्युदिनाच्या भावाची सवलत आमचें आयकर खातें मानीत नाहीं. चुलत्यानें १९८२ सालीं ६०,००० डॉलरांस घेतलेलें घर त्याच्या मृत्यूसमयीं ४,००,००० चें झालें आणि पुतण्यानें तें जवळजवळ त्याच भावानें विकलें, तर तिकडे कर नाहीं. इकडे मात्र चुलत्याची किंमत, किंवा १ एप्रिल २००१ रोजींचा त्या घराचा भाव, धरून उरलेल्या साऱ्या रकमेवर साडेबारा टक्के व वरचा अधिभार लागतो. तिकडे कर भरलाच नाहीं, तेव्हां वजावट मागण्यासहि जागा उरत नाहीं. ठराविक मुदतींत भारतांत राहतें घर घेतल्यास सूट मिळूं शकते. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीस जी करमाफी आमच्या वाचकांस परिचित आहे, ती भारतांतील जमिनीपुरतीच आहे. तेथील मळ्यास ती लागूं नाहीं.

म्हणून तिकडील आप्तांस आजच लिहून ठेवावें कीं, घर रिकामें करतांना जुनीं कागदपत्रें टाकूं नयेत. मूळ खरेदीखत, छप्पर किंवा खोली वाढविल्याचीं बिलें आणि २००१ च्या सुमाराचा घराच्या किंमतीचा एखादा दाखला हीं तेथील वकिलास निरुपयोगी वाटतात, कारण तेथें मृत्युदिनाचाच भाव चालतो; येथील आयकर अधिकारी मात्र पहिल्या भेटींत तींच मागतो.